काकीची वाटी

माझ्या बायकोला एक गोष्ट येत होती, ती गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तिला एखादी गोष्ट माहीत नसली की ती तसं सांगायची. आमच्याकडे यंदा मीठ कसं पिकेल विचारा, बंदराचा रस्ता कुणाच्या दारातून जाईल विचारा, अमका कशानं मेला विचारा, प्रत्येकाजवळ उत्तर तयार असतं. ही मात्र हातातलं काम न थांबवता म्हणायची, "मना ठावं न्हाय." मान खाली नाही, आवाज खाली नाही. मी गावचा पंच. मला हे तीन शब्द सत्तर वर्षांत जमले नाहीत. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला, म्हणून आधी हे सांगून टाकतो.

गाव तिला काकी म्हणायचं. शाळा मी चौथीपर्यंत केली, तिनं तेवढीही नाही. आमचं गाव उरणकडचं, खाडीला लागून. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून मिठागरावर राबली. तिच्या पायाच्या भेगांत मीठ इतकं मुरलं होतं की म्हातारपणीसुद्धा हवा बदलली की पाय आधी तिला सांगायचे. मी मिठागरावर कधी गेलो नाही. मी ट्रकवर होतो, मग ट्रक सोडला आणि माझा बाप पंच होता म्हणून मीही पंच झालो. यात माझी अक्कल कुठं लागली नाही.

आमच्या ओटीवर तंटे यायचे. बांधाचे, झाडाचे, कोंबडीचे, सुनांचे. ओटीवर पुरुष बसायचे आणि बायका मधल्या दाराच्या आत. साक्षीला बोलावल्याशिवाय बाईनं पंचांपुढं तोंड उघडायचं नाही अशी रीत. काकी आत जमिनीवर बसायची. तिच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, खाऊन झालेल्या, घासून धुतलेल्या. बाहेर कुणी काही म्हणालं की ती एक शिंपली मांडायची. एक म्हणणं, एक शिंपली. एका म्हणण्यानं दुसरं खोडलं जात असेल तर मध्ये आगपेटीची काडी ठेवायची, काडीचं गुल ज्याला खोडलं त्याच्याकडे. बाहेर आरडाओरडा चालू असायचा आणि आत हिचं हे चाललेलं. मला पहिली काही वर्षं वाटायचं, बाई कंटाळली म्हणून खेळत बसते.

एकदा गणू आणि हशा भांडत आले. खारं पाणी हशाच्या भातात शिरलं होतं. हशा म्हणाला, गणूनं उघाडी लावली नाही म्हणून पाणी शिरलं. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. गणू म्हणाला, त्या दिवशी मी गावातच नव्हतो, मुलीकडे पेणला होतो. हशाची आई म्हणाली, खोटं आहे, मी त्याला संध्याकाळी बांधावर बघितला. तेवढ्यात शेजारचा एकजण म्हणाला की म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन आहे, ती दुपारीसुद्धा नातवाला चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखते. हे कुणी खोडलं नाही. तरी दोन तास सगळे उघाडीवरच भांडत होते. आतून पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज आला. ती आमची खूण होती. मी पाणी प्यायला आत गेलो.

तिनं बोटानं दाखवलं. मोतीबिंदूच्या शिंपलीकडे कुणाच्याच काडीचं गुल नव्हतं. "हिला कोन खोडतं? कोनी न्हाय. मग ही उताणी." तिनं ती उताणी केली. "ही उताणी झाली म्हणून म्हातारीची पालथी. म्हातारी पडली, तर गणूला खोडनारा कोन उरला? कोनी न्हाय. गणू उठला. गणू उठला म्हणून हशाची पालथी." झालं. जेवढा वेळ मला हे लिहायला लागला तेवढाही तिला लागला नाही. मी पाणी पिऊन बाहेर आलो आणि निकाल सांगितला.

पंच पाणी प्याले की निकाल लागतो, असं गावात म्हणायला लागले. कुणी म्हणायचं, आमच्या पंचांचं डोकं पाण्यावर चालतं. बाजूच्या गावातून लोक यायला लागले. मी कधी सांगितलं नाही की पाणी कोण देतं. हिनंही सांगितलं नाही. एकदा मी विचारलं की तुला हे कुणी शिकवलं. म्हणाली, मिठागरानं. भरतीचं पाणी आधी वरच्या वाफ्यात येतं, तिथून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. शेवटच्या वाफ्यात मीठ काळं आलं तर तिथं उकरून काय होतंय? वर जाऊन बघायचं. वरचं पाणी बसलं की खालचं आपोआप समजतं. "तुमी पुरुष सगळे शेवटच्या वाफ्यात उभं राहून वरडताव," म्हणाली. खरं होतं. जो मोठ्यानं बोलतो त्याच्या म्हणण्यावर आम्ही दिवस घालवायचो आणि ज्यावर ते उभं आहे तिकडे कुणी बघायचं नाही.

तिची आणखी एक सवय होती. निकाल लागल्यावर चार दिवसांनी कुणी नवी साक्ष घेऊन आला की मी सगळा तंटा पहिल्यापासून उकरायचो. तिला ते खपायचं नाही. ती फक्त नवी शिंपली ठेवायची, तिच्या काडीचं गुल जिकडे असेल तिथून खालचंच बघायची. बाकीच्या शिंपल्यांना हात नाही. "वरच्या वाफ्याला काय झालंय का? मग त्याला कशाला ढवळताव?"

आणि वाटी. काठ चेपलेली एक पितळी वाटी डब्यातच असायची. कधी कधी म्हणणी गोल फिरायची. हा म्हणतो तो खोटारडा, तो म्हणतो हा खोटारडा, आणि वरून पाणी कुठूनच येत नाही. अशा शिंपल्या ती उताण्याही करायची नाही आणि पालथ्याही नाही. उचलून वाटीत टाकायची. त्याचा निकाल काय म्हणून विचारलं की, "मना ठावं न्हाय. वरून पानी आलं की बघू."

आता लाजेची गोष्ट.

दोन भाऊ होते. बाप मेला आणि नारळाच्या दहा झाडांवरून पेटले. थोरला म्हणे बापानं तोंडी मला दिली, बापाची सेवा केली असं धाकटा सांगतो ते खोटं. धाकटा म्हणे मला दिली, थोरला तर बापाकडे फिरकलाही नाही. कागद नाही, साक्ष नाही. तांब्या वाजला. आत गेलो तर दोन्ही शिंपल्या वाटीत. ती म्हणाली, सांगा की कळत नाही, कागद किंवा माणूस मिळेपर्यंत नारळ अर्धे अर्धे घ्या. ओटीवर तीन गावची माणसं बसली होती. इतक्या माणसांपुढं पंचानं बाहेर येऊन 'मला कळत नाही' म्हणायचं? मी बाहेर आलो आणि म्हणालो, थोरल्याचा शब्द राहील, हीच रीत आहे. अशी रीत नव्हती. ती मी त्या दारातून बाहेर येता येता केली.

धाकटा उठला. त्यानं माझ्याकडे बघितलं, वहाणा घातल्या आणि गेला. महिन्याभरात बायको-पोरांना घेऊन पनवेलकडे गेला, कंटेनरच्या गाडीवर लागला. काकीनं त्या दिवशी जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, "शिंपल्या माझ्या व्हत्या, तोंड तुमचं व्हतं." तिनं चार दिवस तांब्या वाजवला नाही. मग पुन्हा वाजवायला लागली, कारण लोक यायचे राहत नव्हते. मला वाटलं, विसरली.

तीन वर्षांपूर्वी मानसी आली. आमच्याच गावच्या एका माणसाची नात, वाशीकडे वाढलेली, विद्यापीठात शिकणारी. पाठीवर पिशवी, त्यात संगणक. तिचा अभ्यास काय तर यंत्राला वाद घालायला शिकवायचा. म्हणजे भांडायला नाही, भांडणात शेवटी कोणतं म्हणणं टिकतं ते ओळखायला. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की आमच्या पंचांकडे शिंपल्यांचा एक हिशेब आहे. कुणीतरी पोरानं खिडकीतून बघितलं असणार. लोकांना वाटलं, शिंपल्या माझ्याच.

ती ओटीवर बसली आणि म्हणाली, "काका, मला दाखवा ना तुम्ही कसं करता ते." मी त्याच वेळी आत बोट दाखवायला हवं होतं. मी आत गेलो आणि डबा काकीच्या हातातून घेतला. तिनं तो दिला. इतकी वर्षं बघून मला मांडणी पाठ झाली होती. गणू-हशाचा तंटा मांडून दाखवला. उताणी, पालथी, वरचा वाफा, खालचा वाफा, सगळं माझ्या तोंडानं सांगितलं. मानसीचे डोळे मोठे होत गेले.

तिनंही मला तिचं दुखणं सांगितलं. तिचा प्रोग्राम प्रत्येक शिंपली एकदा उताणी धरून आणि एकदा पालथी धरून सगळ्या मांडण्या बघायचा. दहा शिंपल्या असल्या तर हजारभर मांडण्या, वीस झाल्या की दहा लाख, पुढं यंत्र नुसतं गरम होऊन बसतं. मी म्हटलं, पोरी, वीस म्हणणी तर कोंबडीच्या भांडणात होतात. ती खूप हसली. म्हणाली, "वरून खाली यायचं हे पुस्तकांत आहे काका, मी वाचलंय. पण नवं म्हणणं आलं की फक्त तिथून खालचं ढवळायचं, हे माझ्या डोक्यात असं कधी बसलं नव्हतं. मी दर वेळी सगळी खाडी उपसत होते." हे वाक्य काकीला आवडलं असणार. ती आत होती, तिनं ऐकलंच असेल. दोनदा चहा घेऊन बाहेर आली, कप ठेवून आत गेली.

मानसी पुढं वर्षभर येत राहिली. गावातले जुने तंटे लोकांकडून गोळा केले, यंत्राला दिले आणि यंत्राचा निकाल माझ्या निकालाशी जुळतो का बघितला. सगळे जुळले. एक सोडून. ती आली तेव्हा वैतागलेली होती. दोन भावांच्या तंट्यात यंत्र म्हणत होतं, काही सांगता येत नाही. मी मात्र थोरल्याला झाडं दिली होती. ती म्हणाली, "काका, हा एकच का जुळत नाही? माझं कुठं चुकतं?"

तिचं चुकत नव्हतं. यंत्र बरोबर होतं, काकी बरोबर होती, खोटा एकटा मी होतो. एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "म्हणण्यांचा असा गोल फेरा पडला की थोरल्याचा शब्द राहतो. आमची रीत आहे." तिनं वहीत लिहून घेतलं. आत काकी भांडी घासत होती. तो आवाज थांबला. मानसी खूश झाली. म्हणाली, हा नियम घातला की काहीच अडकून राहणार नाही, यंत्राला प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळेल, तिच्या सरांनाही हे आवडेल.

ती गेल्यावर काकी मधल्या दारात येऊन उभी राहिली. बोलायला ती ओटीवर कधी येत नसे, त्या दिवशीही आली नाही. दारातूनच म्हणाली, "तुमचं एक खोटं गावात एका घराला लागलं. आता ती पोर ते यंत्राला शिकवनार. ते यंत्र किती घरांना लावील, ठावं हाय?" मी म्हटलं, तू चूप बस, तुला यातलं काय कळतं. मी हे म्हणालो. ज्या बाईच्या अकलेवर मी तीस वर्षं पंच म्हणून मिरवलो तिला म्हणालो. तिनं डबा उचलून फळीवर ठेवला. "वरचाच वाफा नासवलाव," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर तांब्या वाजला नाही. तंटे आले की मी ओटीवर घाम पुसत बसायचो, पाणी मागायचो, ती पाणी द्यायची, पाणीच फक्त. मी दोन-तीन निकाल असे दिले की लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग लोक येईनासे झाले. पंच म्हातारे झाले, म्हणाले. कॉलेजात मानसीनं मला बोलावलं, शाल आणि नारळ दिला. काकीला चल म्हटलं तर पाय दुखतात म्हणाली. शाल घरी आणली ती तिनं नीट घडी घालून पेटीत ठेवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. पनवेलला नेली. हृदय मोठं झालंय म्हणाले. यंदा शिमग्याच्या आठ दिवस आधी गेली. आजारात ती मला यावरून एक शब्द बोलली नाही, आणि मीही काढलं नाही. मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू, की बाई, माझं चुकलं. माणूस खाटेवर समोर पडलेलं असताना मी त्याला औषधाची वेळ सांगत बसलो.

तेराव्यानंतर मानसी भेटायला आली. हातात तिनं लिहिलेल्या जाड पुस्तकाचे सुटे कागद होते, आठवड्यानं विद्यापीठात द्यायचे होते. पहिल्या पानावर आभारात माझं नाव. आत एक सबंध प्रकरण माझ्या त्या रीतीवर. तिनं मला वाचून दाखवलं. ती मला बरं वाटावं म्हणून वाचत होती. भिंतीवर काकीचा फोटो होता, हार अजून ताजा होता. मी म्हटलं, थांब पोरी.

सगळं सांगितलं. शिंपल्या कुणाच्या, तांब्या कशासाठी, वाटीत काय पडलं होतं आणि मी बाहेर येऊन काय बोललो. ती ऐकत राहिली. मला वाटलं, चिडेल, आणि चिडलीच. पण आधी स्वतःवर. म्हणाली, "काका, त्या दोनदा चहा घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना नावसुद्धा विचारलं नाही." मग माझ्यावर. "तुम्ही मला तीन वर्षं खोटं सांगितलंत. त्या आत असताना." मी मान खाली घातली. नंतर तिनं पेन काढलं आणि नाव विचारलं. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. अहो, अगं, यातच पन्नास वर्षं गेली. मी म्हणालो, "हिराबाई." घरात मला माझाच आवाज परका वाटला.

मी विचारलं, तुझं सगळं पुन्हा करावं लागेल का? तिनं कागद चाळले. म्हणाली, "नाही. वरचं सगळं तसंच राहील. तुमचा नियम जिथं घातला तिथून खालचं काढावं लागेल." तिनं त्या प्रकरणाचे कागद वेगळे काढले आणि मुदत वाढवून घेईन म्हणाली. काकी असती तर हेच म्हणाली असती.

माझ्या बाजूचं खालचंही मी बघायला गेलो. धाकट्याचा नंबर मिळवला, फोन केला. म्हणालो, त्या दिवशी मला कळत नव्हतं आणि मी कळतं असं दाखवलं. तो गाडी चालवत होता, बाजूला घेऊन थांबवली. म्हणाला, "आता काय पंच? झाडं तर रस्त्यात गेली." मग म्हणाला, "काकी गेल्याचं ऐकलं. तिनं मला तेव्हा एकदा बांधावर गाठून सांगितलं होतं, निकाल माझा न्हाय. मला तेव्हा समजलं नव्हतं." आणि फोन ठेवला. म्हणजे ती गेली होती त्याच्याकडे. माझं खोटं तिनं गावात झाकलं आणि त्या एका माणसापुढं स्वतःचं नाव स्वच्छ केलं. बरं केलं.

मागच्या आठवड्यात मानसीचा फोन आला. पुस्तक नव्यानं लिहितेय. अडली होती. म्हणाली, "काका, एखादं म्हणणं दुसऱ्याला नाही, स्वतःलाच खोडत असेल तर काकी काय करायच्या? म्हणजे समजा एखादा येऊन म्हणाला, मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे."

मी डबा फळीवरून काढला. ती गेल्यापासून उघडला नव्हता. एक शिंपली घेतली, काडी घेतली आणि काडीचं गुल त्याच शिंपलीकडे कसं वळवायचं ते बघत बसलो. तीस वर्षं तंटे बघितले, पण असा तंटा आमच्या ओटीवर कधी आलेला आठवेना. आला असेल तर तिनं काय केलं ते मी बघितलं नाही. वाटीत टाकली असती असं मला वाटलं. सांगूनही टाकावंसं वाटलं, शब्द जिभेवर आला होता. पोरगी पलीकडे थांबली होती, लिहून घ्यायला.

"मना ठावं न्हाय," मी म्हणालो.

मग पेनाचा आवाज आला. मी म्हटलं, लिही, आणि हे मात्र माझ्या नावावर लिही.